शेजारी मगर असेल तर?
कॅडेट, इयत्ता दहावी (घर : पुरानी बस्ती, रायपूर)

गेल्या सत्रात आंतर-हाऊस वादविवादाला विषय आला होता, ‘वस्तीजवळ राहणाऱ्या अ‍ॅलिगेटरना तेथून हलवावे की नाही’. विषय एखाद्या अमेरिकन पुस्तकातून उचललेला असावा, कारण भारतात अ‍ॅलिगेटर नाहीतच. ते अमेरिकेत आहेत आणि थोडेसे चीनमध्ये, यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यात. आपल्याकडे आहेत त्या मगरी. चिठ्ठी उचलली तेव्हा मला ‘हलवू नये’ ही बाजू मिळाली. ‘नदी त्यांची आहे, आपण पाहुणे आहोत’ असे मी हात वर करून म्हणालो. टाळ्या पडल्या, पहिला क्रमांक आला, हाऊसला गुण मिळाले.

त्या रात्री लाइट्स आउटनंतर शेजारच्या पलंगावरून आवाज आला, “आमच्या नदीत उतरून दाखव, मग बोल.” हा माझा मित्र सांगली जिल्ह्यातला, कृष्णाकाठचा. त्याच्या चुलत्यांच्या पोटरीवर मगरीच्या दातांचे वण आहेत. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह साफ करायला ते पाण्यात उतरले होते आणि काठावरच्या लोकांनी ओढून काढले म्हणून वाचले. हे त्याने मला आठवीतच सांगितले होते आणि मी विसरलो होतो. पुढचे दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मला आधी त्याचा राग आला, मग स्वतःचा, कारण त्याच्या त्या एका वाक्याला माझ्या सात मिनिटांच्या भाषणात उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न.

सुट्टीत घरी गेलो. आमचे घर रायपूरच्या पुरानी बस्तीत, महामाया मंदिरापासून चालत जाण्याइतके. आमचे पूर्वज इकडे भोसल्यांच्या कारकिर्दीत आले की नंतर इंग्रजांच्या काळात, यावर आजी आणि काका यांचा वाद आहे आणि तो मिटेल असे वाटत नाही. आमच्या बाजूला तलाव खूप : बुढा तालाब, महाराजबंध, कंकाली तालाब. आजी लहान होती तेव्हा मुले पाण्याकडे जाऊ नयेत म्हणून तिची आई सांगे, “तालाबात मगर आहे.” बुढा तालाबात खरोखर मगर होती का, असे मी विचारले तर आजी म्हणाली, “अरे, होती कुठली! पण आम्ही गेलो नाही ना?”

मग मी घरात सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. उद्या सकाळी बुढा तालाबात खरीच मगर दिसली तर काय करायचे? काका म्हणाले, नगर निगमला फोन. आई म्हणाली, वन विभागाला फोन. समोरचे किराणावाले भाऊ म्हणाले, “दुपारपर्यंत उचलून न्यायला पाहिजे, नाहीतर धरना देऊ.” एकानेही ‘राहू द्या’ म्हटले नाही. खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच आले होते. म्हणजे भाषणात मी जे कृष्णाकाठच्या लोकांना सांगत होतो, ते माझ्या मोहल्ल्यासाठी मला स्वतःलाच मान्य नव्हते.

आता आधी प्राण्याची ओळख. भारतात या कुळातले तीन प्राणी आहेत. गोड्या पाण्यातली मगर, खाऱ्या पाण्यातली मगर आणि लांब चिंचोळ्या जबड्याची, मासे खाणारी सुसर, जिला हिंदीत घड़ियाल म्हणतात. गोंधळ असा की महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी मगरीलाच सुसर म्हणतात. त्यामुळे ‘नदीत सुसर आली’ ही बातमी वाचून ती नक्की कोण हे कळत नाही. या लेखात फक्त गोड्या पाण्यातली मगर आहे. तिचा जबडा रुंद असतो, जवळजवळ अ‍ॅलिगेटरसारखाच. ओळखण्याची खूण म्हणजे तोंड मिटले तरी मगरीच्या खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेर दिसतो, अ‍ॅलिगेटरचा आत झाकला जातो. (हे जवळ जाऊन तपासू नये.)

मगरीचे रक्त आपल्यासारखे स्वतःहून गरम राहत नाही. म्हणून ती थंडीत तासन्‌तास काठावर ऊन खात पडते. शरीर तापवण्यात तिची शक्ती खर्च होत नाही, त्यामुळे खाणेही कमी लागते आणि ती आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकते. शिकार ती पाठलाग करून करत नाही, दबा धरून करते. डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला असल्याने बाकीचे सगळे अंग पाण्याखाली ठेवून ती बघू शकते आणि श्वासही घेऊ शकते. आमच्या फील्डक्राफ्टच्या तासाला लपण्याविषयी जे शिकवतात ते तिला जन्मतः येते. जबडा मिटण्याची ताकद प्रचंड, पण उघडणारे स्नायू इतके कमजोर की मिटलेला जबडा साध्या दोरीने बांधता येतो. वन विभागाचे लोक तेच करतात. मादी उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठावर खड्डा करून साधारण पंचवीस-तीस अंडी घालते आणि पावसाळ्याच्या तोंडाला पिल्ले बाहेर येतात. अंड्यातून नर निघणार की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरते. साडेबत्तीस अंशांच्या आसपास नर जास्त, त्याहून कमी-अधिक झाले तर माद्या. हे वाचून मला फार आश्चर्य वाटले. अंड्यांच्या काळात मादी घरट्याजवळ कोणालाही येऊ देत नाही. नेमका तोच काळ नदीचे पाणी आटण्याचा, आणि माणसेही उरलेल्या त्याच डोहांवर येतात.

छत्तीसगडमध्ये मगर नवीन नाही. बस्तरच्या कांगेर घाटीत भैंसा दरहा नावाचा डोह मगरींसाठी प्रसिद्ध आहे. पण वस्ती आणि मगर यांचे खरे उदाहरण म्हणजे जांजगीर-चांपा जिल्ह्यातले कोटमी सोनार. माझे मामा बिलासपूरला रेल्वेत आहेत. त्यांच्याबरोबर मी पॅसेंजरने गेलो. बिलासपूर, गतौरा, जयरामनगर आणि मग कोटमी सोनार. इथल्या गावातल्या तलावांत मगरी पिढ्यान्‌पिढ्या राहत होत्या. त्याच तलावांवर लोक आंघोळ करत, भांडी घासत, गुरे धूत. कधी बकरी जाई, कधी कोणी जखमी होई. मगरींची देखभाल करणाऱ्या एका साधुबाबांचा हात मगरीने तोडला, तरी ते मगरींचीच बाजू घेत राहिले, हे वर्तमानपत्रांत अनेकदा आलेले आहे. शेवटी २००६ च्या सुमारास सरकारने गावच्या मुढा तालाबाला जाळीचे कुंपण घालून मगरमच्छ पार्क करायला घेतले आणि बाकीच्या तलावांतल्या मगरी पकडून तिथे सोडल्या.

म्हणजे हलवल्या, पण गावातल्या गावातच. हा तिसरा रस्ता मला वादविवादाच्या वेळी सुचलाच नव्हता. तिथे फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ एवढ्याच दोन बाजू होत्या.

जाळीच्या या बाजूने आम्ही बघत होतो. पाच-सहा मगरी काठावर पडलेल्या, एकीचे तोंड सताड उघडे. मला वाटले धमकावते आहे. मामांना वाटले झोपली आहे. दोन्ही चूक. उन्हात अंग जास्त तापले की मगर तोंड उघडून उष्णता बाहेर टाकते, कुत्रा जीभ काढतो तसे. शेजारी एक म्हाताऱ्या बाई शेंगदाणे विकत होत्या. मी विचारले, भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, “येमन हमर गांव के आंय, बाबू.” या आमच्या गावच्याच आहेत. मग जरा थांबून त्यांनीच सांगितले की पावसाळ्यात एखादी बाहेर निघते, रस्त्यावर किंवा कोणाच्या परसात सापडते, तेव्हा मात्र सगळे घाबरतात आणि पार्कवाल्यांना बोलावतात. मला हे दोन्ही खरे वाटले. आपलेपणा आहे आणि भीतीही आहे.

दुसरे उदाहरण आमच्या आणखी जवळचे. बेमेतरा जिल्ह्यातल्या बावामोहतरा गावच्या तलावात एक मगर होती. गावकऱ्यांनी तिचे नाव ठेवले होते गंगाराम. जानेवारी २०१९ मध्ये तो मेला. गावकरी त्याचे वय एकशेतीस सांगत. एवढे वय कितपत खरे मानावे हा प्रश्नच आहे, पण गावातल्या म्हाताऱ्यांनी त्याला लहानपणापासून पाहिले होते एवढे नक्की. लांबी साधारण साडेतीन मीटर, वजन अडीचशे किलो. लोक त्याच तलावात पोहत आणि त्याने कोणाला कधी इजा केली नाही, असे सगळे सांगत. वन विभागाने शवविच्छेदन केले आणि लोकांच्या भावना पाहून देह गावाला दिला. फुलांनी सजवलेल्या ट्रॅक्टरवरून अंत्ययात्रा निघाली, शेकडो लोक आले आणि तलावाजवळच त्याला पुरले.

ही गोष्ट मी फोनवर मित्राला सांगितली. तो म्हणाला, “तुमचा गंगाराम एकटा होता. तळ्यात होता. आमची नदी आहे.”

त्याचा मुद्दा बरोबर आहे आणि तो मला उशिरा कळला. तळ्याला काठ असतो, कुंपण घालता येते, मगर मोजता येते. कृष्णेत भिलवडी, औदुंबर, दिग्रज ते सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात मगरी आहेत आणि नदीकाठी एकापाठोपाठ एक गावे. पोहणारी मुले, धुणे धुणाऱ्या बायका, जनावरे, मोटारी, मासेमारी, वाळू. इथे माणसे मेलेली आहेत, त्यात मुलेही. कोकणात चिपळूणच्या वाशिष्ठीत आणि महाडच्या सावित्रीतही मगरी आहेत. जून २०२४ च्या अखेरीस चिपळुणात भर पावसात रात्री रस्त्यावरून चालणारी मगर गाडीतल्या लोकांनी मोबाइलवर टिपली, ती चित्रफीत आमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल.

मग सरळ हलवावे असे का नाही? इथे मी दोन दिवस अडकलो होतो. उत्तर मिळाले ते ऑस्ट्रेलियातून. तिथल्या शास्त्रज्ञांनी खाऱ्या पाण्यातल्या मगरी पकडून, पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवून, हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडल्या. एकीला तर केप यॉर्क या द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर नेले होते. काही काळ ती तिथेच घुटमळली, मग निघाली, आणि सगळ्या द्वीपकल्पाला वळसा घालून चारशेहून अधिक किलोमीटर पोहत सुमारे वीस दिवसांत आपल्या जागी परत आली. नकाशा नाही, कंपास नाही. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपली मगर इतकी दूर पोहते असे मी म्हणत नाही, ती वेगळ्या जातीची आहे. पण घर ओळखून परत येणे या कुळाच्या अंगात आहे, आणि वाटेत ती ज्या गावांवरून जाईल त्या गावांना तिची सवय नसते.

दुसरी अडचण जागेची. नेऊन सोडायचे कुठे? चांगल्या डोहात आधीच मगर असते आणि मोठा नर दुसऱ्याला राहू देत नाही. १९७५ मध्ये भारतात मगर-प्रकल्प सुरू झाला तेव्हा कातड्यासाठी झालेल्या शिकारीमुळे मगरी संपत आल्या होत्या. अंडी गोळा करून, पिल्ले वाढवून नद्यांत सोडली. १९७६ मध्ये मद्रासजवळ क्रोकोडाइल बँक स्थापन झाली. पुढे पाळलेल्या मगरी इतक्या वाढल्या की सोडायला सुरक्षित जागाच उरल्या नाहीत. आणि मगर गेली तरी तिचा डोह तिथेच राहतो. तिथे मासे असतील, कोणी कोंबड्यांची आतडी आणि मेलेली जनावरे टाकत असेल, तर दुसरी मगर येते.

फ्लोरिडात याचा वेगळाच हिशेब आहे. तिथे सुमारे तेरा लाख अ‍ॅलिगेटर आहेत. १९६७ मध्ये ते धोक्यात असलेल्या प्राण्यांच्या यादीत होते, १९८७ मध्ये संख्या पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले. १९७८ पासून तिथे अशी व्यवस्था आहे की चार फुटांहून मोठा अ‍ॅलिगेटर माणसांना किंवा पाळीव प्राण्यांना धोका वाटला तर लोक फोन करतात आणि परवानाधारक माणूस येऊन त्याला नेतो. बहुतेक वेळा त्याला मारतात, कारण सोडला तर तो परत येतो हे त्यांनी अनुभवाने ओळखले आहे. म्हणजे आमच्या वादविवादाचा विषय जिथला होता तिथे ‘हलवणे’ याचा अर्थ बहुधा ‘मारणे’ असा आहे. विषय इतक्या सभ्य शब्दांत लिहिला होता की हे माझ्या लक्षातच आले नाही.

आपल्याकडे तसे करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या प्राण्याबद्दल राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणे देऊन परवानगी देऊ शकतो, पण पकडणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही अशी खात्री झाल्यावरच मारण्याची. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राण्याला इजा झाली तर मात्र तो गुन्हा नाही. मित्राच्या चुलत्यांनी त्या वेळी हातातला पाना मगरीच्या तोंडावर मारला होता आणि नंतर कितीतरी दिवस ते केस होईल म्हणून घाबरून होते. हे कलम त्यांना कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

वडोदऱ्याचे उदाहरण मला सर्वांत उपयोगी वाटले. गायकवाडांच्या या शहरातून विश्वामित्री नदी वाहते आणि २०२५ च्या गणनेत तिच्यात चारशेहून जास्त मगरी मोजल्या गेल्या. एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध! ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या रस्त्यांवर, अंगणांत, एक तर घराच्या छपरावर दिसली. वन विभाग आणि स्वयंसेवक रात्रंदिवस फोन घेत होते, मगरी पकडत होते आणि पाणी उतरल्यावर त्यांना नदीतच सोडत होते. नदीतून मगर काढायची नाही, पण वस्तीत आलेली तासाभरात उचलायची. एवढे ठरलेले असल्याने लोक काठ्या घेऊन धावत नाहीत, निदान सगळे धावत नाहीत.

श्रीलंकेत नदीवर आंघोळीच्या जागी पाण्यातच खांबांचे कुंपण रोवतात. मगर बाहेर, माणसे आत. त्याला तिथे ‘किंबुला कोटुव’ म्हणजे मगरीचा कोट म्हणतात. नदीचा फक्त एक कोपरा माणसांसाठी वेगळा काढायचा. किल्ल्यांच्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. पुरात असे कुंपण टिकणार नाही, दरवर्षी दुरुस्त करावे लागेल आणि गाळ साचेल, हे आक्षेप मित्राने लगेच घेतले. ते बरोबर आहेत. पण पावसाळ्यात कोणी नदीत पोहत नाही. धोका उन्हाळ्यात, पाणी कमी असताना, तेव्हा कुंपण उभे असेल.

माझे आजचे मत असे. कृष्णेतल्या सगळ्या मगरी हलवणे शक्य नाही आणि करूही नये. पण ज्या मगरीने माणसाला धरले आहे, किंवा जी रोज घाटाच्या पायऱ्यांपाशीच येऊन बसते, तिला पकडून कोटमी सोनारसारख्या बंदिस्त जागेत ठेवावे. दुसऱ्या नदीत सोडू नये, कारण तो धोका दुसऱ्या गावाला भेट दिल्यासारखे होईल. प्रत्येक गावाला एक तरी कुंपणाचा घाट हवा आणि मोटारीकडे उतरायला पायऱ्यांची बंद विहीर हवी. कोंबड्यांचा कचरा नदीत टाकणाऱ्याला दंड हवा. जखमी माणसाला भरपाई मिळते, पण ती कागद घेऊन फिरवल्यावर नाही, आठवड्यात मिळायला हवी. मगर वाचवण्याचा खर्च सगळ्या देशाचा आहे, तो एकट्या नदीकाठच्या माणसाच्या पोटरीतून वसूल होऊ नये. ‘हलवू नये’ असे म्हणणारे आम्ही बहुतेक नळाचे पाणी वापरणारे आहोत.

नदीकाठी घर असलेल्या कॅडेट्ससाठी थोडे. पाणी आटलेल्या दिवसांत डोहाच्या काठाला पाठ करून वाकू नये. धुणे-भांडी बादलीने पाणी वर घेऊन करावीत. एकट्याने उतरू नये. काठावर घसरल्यासारखी रुंद ओली वाट दिसली तर ती मगरीच्या येण्या-जाण्याची असते. आणि मगर दिसली तर दगड मारू नये, फोटोसाठी जवळ तर मुळीच जाऊ नये.

लेख देण्याआधी मित्राला वाचायला दिला. त्याने पेन्सिलने तीन ठिकाणी खुणा केल्या. एका ठिकाणी मी ‘मगरी पहाटे काठावर येतात’ असे लिहिले होते, ते त्याने खोडून ‘हिवाळ्यात ऊन चढल्यावर, नऊनंतर’ असे केले. ते वाक्य मी पूर्णच काढले. दुसरी खूण ‘कुंपणाचा घाट’ याच्या बाजूला होती : “कोणत्या लाकडाचा? बाभूळ चालेल, पाण्यात टिकते.” तिसरी खूण गंगारामच्या परिच्छेदाशी होती. तिथे काही लिहिले नव्हते, फक्त बारीक रेघ होती. विचारले तर म्हणाला, “काही नाही. चांगला होता.”